तोंड वाकडे होणे आणि शुगरचा आजार



या पानावर मी नेहमी लागणीचे, खोडव्याचे, खताच्या मात्रेचे लिहितो. या अंकातला विषय वेगळा आहे आणि तो माझ्या खात्यातला नाही, हे आधीच कबूल करतो. मी शेतीचा पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. तरी लिहायला बसलो, कारण काही हंगामांपूर्वी माझ्याच तोंडून एका सभासदाला चुकीचा सल्ला गेला आणि त्याची किंमत त्यांच्या डोळ्याला मोजावी लागली. पुढे डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर हेलपाटे घातले, विचारून विचारून समजून घेतले, थोडे वाचले. ते तुमच्यापुढे मांडतो.

जानेवारीचा महिना होता. नदीकाठच्या एका गावात तोड चालू होती. सभासद साठीच्या आसपासचे, त्यांना सगळे आबा म्हणतात. दहा-बारा वर्षे शुगरच्या गोळ्या चालू. (आपल्याकडे साखर म्हटले की पोत्यातली आणि शुगर म्हटले की रक्तातली, तेव्हा मीही तसेच लिहितो.) सकाळी मी फडावर पोहोचलो तर आबा बांधावर टॉवेल तोंडाला लावून उभे. म्हणाले, "सायेब, तोंडाला काय झालंय बघा की. चूळ भरली तर पाणी एकाच बाजूनं गळतंय, आन् हा डोळा मिटंना झालाय." बघितले तर तोंड डावीकडे ओढलेले, उजवी पापणी अर्धी उघडी.

मी काय म्हणालो? "आबा, गार वारं लागलंय. मफलर बांधा. टोळी आलीया, तेवढी तोड उरकू द्या, मग दाखवू." टोळी एकदा गेली की परत कधी येईल याचा भरवसा नसतो, ही गोष्ट माझ्याइतकीच त्यांनाही ठाऊक. त्यांनी मान डोलावली. दोन दिवस तोड चालली, तिसऱ्या दिवशी शेवटची ट्रॉली गेली. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातल्या चोळणाऱ्याकडे. त्याने गरम तेलाने गाल रगडून काढला. कुणी पारव्याचे रक्त लावायला सांगितले, ते सुदैवाने राहिले. सहाव्या दिवशी आबा डॉक्टरांपुढे बसले. पुढची हकिकत नंतर सांगतो. आधी हा आजार काय आहे ते बघू.

मेंदूतून ज्या बारा जोड नसा निघतात त्यातली सातवी चेहऱ्याची. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, ओठ आवळणे ही कामे तिची. ही नस कानाजवळच्या हाडातून एका वाकड्यातिकड्या बोगद्यातून येते. बोगदा साधारण तीन सेंटिमीटर लांब, आणि सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद. कानाखाली बाहेर पडली की तिचे पाच फाटे होतात आणि चेहरभर पसरतात. आपल्या लिफ्टच्या लाइनीसारखेच म्हणा: मेन लाइन रस्त्याखालच्या मोरीतून आणायची आणि पुढे पाच चाऱ्या काढायच्या. फरक एवढाच की नस सुजते. हाड काही ताणत नाही, त्यामुळे नस जागच्या जागी आवळली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि पुढच्या पाचही चाऱ्या कोरड्या पडतात. म्हणून अर्धा चेहरा एकदम खाली येतो.

आयुर्वेदात याला अर्दित म्हणतात. इराणातल्या अल-राझी या वैद्यानेही हजारएक वर्षांपूर्वी याचे वर्णन केले होते. १८२१ साली सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने या नसेचे काम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, म्हणून डॉक्टर मंडळी याला बेल्स पाल्सी म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याचे तेव्हाचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे स्वतःच जाहीर केले आणि सलग दोन मिनिटेही नीट बोलता येत नाही असे लिहिले, तेव्हा हे नाव घरोघर गेले. त्या आठवड्यात बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्यांवर तर दुसरा विषय नव्हता.

नस का सुजते याचे पक्के उत्तर नाही. ओठावर फोड आणणारा एक विषाणू शरीरात दबून राहिलेला असतो, तो उठतो असा बराच संशय आहे. गार वाऱ्याने होते हे आपण सर्रास म्हणतो, मीही म्हणालो. पण वाऱ्यावर ढकलून गप्प बसणे हीच खरी चूक. दर लाख माणसांत वर्षाला साधारण २० ते ३० जणांना हे होते. शुगरवाल्यांना जास्त होते, कारण वर्षानुवर्षे शुगर वाढलेली राहिली की नसांना अन्न पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात. मुळातच अर्धपोटी असलेली नस थोड्या सुजेनेही आडवी पडते, आणि उठायलाही तिला जास्त वेळ लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. तोंड वाकडे झाले म्हणजे अर्धांगवायूच, असे नाही. आणि अर्धांगवायू नाहीच, असेही घरी बसून ठरवायचे नाही. डॉक्टर पहिल्यांदा कपाळ बघतात. वर बघा, आठ्या घाला, असे सांगतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंना मेंदूच्या दोन्ही भागांकडून हुकूम जातो, त्यामुळे मेंदूत गुठळी होऊन तोंड वाकडे झाले तर कपाळावर आठ्या बहुतेक वेळा पडतात. नसच बाहेर आवळली असेल तर त्या बाजूचे कपाळ इस्त्री केल्यासारखे सपाट राहते आणि डोळाही मिटत नाही. आबांचे कपाळ सपाट होते. मला हे माहीत असते तर कदाचित मी शहाणपण दाखवले असते. पण यावर विसंबून कुणी घरी थांबू नये. हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तोल गेला, शब्द सुचेनात, तर एक मिनिट न घालवता १०८ नंबरला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. शुगरवाल्यांना अर्धांगवायूचाही धोका जास्त असतो, म्हणून त्यांनी तर पहिल्याच दिवशी दाखवायचे.

नसेच्या सुजेवर औषध आहे, आणि ते साधे व स्वस्त आहे. प्रेडनिसोलोन नावाची स्टिरॉइडची गोळी. पण ती पहिल्या ७२ तासांत, म्हणजे तीन दिवसांत सुरू झाली तर खरा उपयोग. आबांचे हे तीनही दिवस फडावर गेले.

या गोळीचा उपयोग आहे हे कशावरून? एका वाफ्यावरून आपण वाण ठरवत नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्रावर नवा वाण घेताना जुना वाण शेजारी लावतात, वाफे चिठ्ठ्या टाकून पाडतात, पुन्हा पुन्हा घेतात, मग उतारा काढतात. माणसांवरही अशीच चाचणी झाली. स्कॉटलंडमध्ये ५५१ रोग्यांवर घेतलेली ही चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सगळे ७२ तासांच्या आत आलेले. प्रेडनिसोलोन २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस. तीन महिन्यांनी ही गोळी घेतलेल्यांपैकी शेकडा ८३ पूर्ण बरे, न घेतलेल्यांपैकी शेकडा ६४ च्या आसपास. नऊ महिन्यांनी ९४ आणि ८२. विषाणूवरची गोळी दिलेल्यांना मात्र वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे काही न करताही पुष्कळ जण बरे होतात, हेही खरे. म्हणूनच चोळणाऱ्याचे आणि मंत्र घालणाऱ्याचे नाव होते! शंभरातले साठ-सत्तर आपोआप सुधारणार, आणि श्रेय ज्याने शेवटी हात लावला त्याला मिळणार. उरलेल्यांत आपण असू की नाही, हे पहिल्या दिवशी कुणाच्या कपाळावर लिहिलेले नसते.

आता शुगरवाल्यांची खरी अडचण. स्टिरॉइडने शुगर वाढते. थोडीथोडकी नव्हे, कधी दुप्पट होते. वरच्या चाचणीत ज्यांची शुगर ताब्यात नव्हती त्यांना घेतलेच नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यात २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शुगर आणि स्टिरॉइड एकत्र आलेल्या रोग्यांना काळ्या बुरशीने कसे गाठले ते आपण सर्वांनी बघितले. त्यामुळे स्टिरॉइड म्हटले की लोक दचकतात. आबांना सहाव्या दिवशी उशीर झालेला असूनही डॉक्टरांनी विचार करून गोळी सुरू केली, डोळ्यात घालायला थेंब दिले, शुगर रोज तपासा म्हणून बजावले. दोन दिवसांनी शुगर ३८० वर गेली. शहरात राहणारा पुतण्या फोनवर म्हणाला, "आबा, स्टिरॉइड हाय ते, बंद करा पयलं." आबांनी गोळी बंद केली. घाबरून थेंबही बंद केले. डॉक्टरांना विचारले नाही.

पुतण्याचा हेतू चांगला होता, पण दोन आजारांपैकी एकाला घाबरून दुसऱ्याचे औषध बंद करायचे नसते. डॉक्टर काय करतात? आधी शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासतात. रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर, कुठे जंतूंची लागण आहे का, हे बघतात. मग ठरवतात की स्टिरॉइड द्यायचे का, किती आणि घरी की दवाखान्यात ठेवून. शुगर बरी असेल तर गोळीबरोबर शुगरचे औषध वाढवतात. जास्त असेल तर तेवढे दिवस इन्सुलिन देतात. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे जन्माचे लागले, हा गैरसमज आहे. स्टिरॉइडच्या दहा दिवसांपुरतेही ते देता येते. आणि ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा: स्टिरॉइड कमी झाले की वाढवलेले इन्सुलिन आणि गोळ्याही डॉक्टरांना विचारून खाली आणाव्या लागतात. ते राहून गेले तर शुगर एकदम उतरते; दरदरून घाम, थरथर, चक्कर येते, आणि माणूस बेशुद्धही पडतो. पाऊस लागल्यावरही मोटर चालूच ठेवली तर रानाचे काय होते तेच.

तपासणी कधी करायची यातही लोक चुकतात. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने शुगर चढते ती दुपारनंतर आणि रात्री. पहाटे उपाशीपोटी बघितली तर ती बरी दिसू शकते, आणि माणूस निर्धास्त होतो. आपण उसाची पक्वता बघताना फक्त बुडख्याचा ब्रिक्स घेतो का? बुडखा नेहमीच गोड. शेंड्याकडचाही घेतो, तेव्हा कुठे अंदाज येतो. तसे दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासावी. शुगर ३०० च्या वर राहायला लागली, तहान भागेना, उलट्या सुरू झाल्या किंवा गुंगी येऊ लागली तर वाट न बघता दवाखाना गाठावा. आणि या दिवसांत पथ्य कडक. हंगामात गुऱ्हाळावर गेल्यावर काकवीला नाही म्हणणे अवघड आहे, मला कल्पना आहे.

आता डोळ्याकडे येतो. आबांचे नुकसान झाले ते तोंडामुळे नव्हे, डोळ्यामुळे.

पापणी मिटत नाही म्हणजे डोळ्याचा काळा भाग उघडा राहतो, सुकतो. त्यावर पाचटाची धूळ, फडाचा धुरळा बसतो. उसाच्या पानाची धार आपल्याला माहीत आहे. हाताला चिरते तशी डोळ्यालाही ओरखडा काढते. आणि पाल्यापाचोळ्याचा ओरखडा वाईट, कारण त्यातून बुरशीची लागण होते, शुगरवाल्यांना जखम लवकर भरतही नाही. गोळी बंद केल्यानंतर आबा खोडव्याचे पाचट पसरायला गेले. दोन दिवसांत डोळा लाल, चौथ्या दिवशी उजेड सोसेना. मग मी त्यांना गाडीत घालून सीपीआरला, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात नेले. बुबुळावर जखम झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी डोळा वाचवला, पण फूल पडले ते पडलेच. उजव्या डोळ्याने आबांना आता माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही.

डॉक्टरांनी मला जे सांगितले ते असे. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्याचे मलम आणि मग पापणी हाताने हलके मिटवून वरून कागदी चिकटपट्टी. पट्टी अशी लावायची की रात्री पापणी आत उघडून बुबुळाला घासणार नाही. कुणाकडून तरी एकदा शिकून घ्यावे. मोटारसायकलवर, मळणीवर, तोडीच्या रानात गॉगल किंवा साधा चष्मा हवाच. खरे म्हणजे डोळा मिटेपर्यंत फडात जाऊच नये. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असते आणि बुरशीच्या जखमेवर ते पडले तर डोळा जातो. पोटात घ्यायचे स्टिरॉइड वेगळे आणि डोळ्यात घालायचे वेगळे.

शुगरवाल्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. प्रत्येक वाकडे तोंड बेल्स पाल्सी नसते. शुगर जास्त असलेल्या वयस्क माणसाच्या कानात जंतू आत हाडापर्यंत शिरतात. रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका, कानातून घाण, आणि मग तोंड वाकडे. बऱ्याचदा सुरुवात काडीने कान कोरण्यातून किंवा पाणी जाण्यातून होते. इथे कित्येक आठवडे जंतुनाशक औषध लागते. नुसते स्टिरॉइड दिले तर घातच. कानात किंवा कानामागे बारीक फोड आले असतील तर तो नागिणीचा प्रकार. त्याला स्टिरॉइडबरोबर विषाणूची गोळी लागतेच. नाकाजवळ किंवा टाळूवर काळा डाग, एका बाजूचा गाल बधिर, डोळा सुजून पुढे आलेला, असे असेल तर ती बुरशी असू शकते. तिथे तासांचा हिशोब आहे. अंगावर बधिर चट्टे असतील तर तेही डॉक्टरांना दाखवावेत, कारण कुष्ठरोगातही ही नस सापडते आणि त्याला पूर्ण बरे करणारे औषध आहे. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते तोंड दाखवू नका. कान दुखतो का, किती वर्षे शुगर आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळे सांगा. शक्यतो गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्या.

बरे व्हायला किती दिवस? पुष्कळांना तीन आठवड्यांत हालचाल सुरू होते. ज्यांची नस आतून तुटल्यासारखी झाली त्यांना महिने लागतात, कारण नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. आणि वाढताना कधी जोड चुकतात. चारीचे व्हॉल्व्ह चुकून दुसऱ्याच लाइनीला बसावेत तसे: डोळा मिटला की ओठ ओढला जातो, जेवताना डोळ्यातून पाणी येते. असे झाले तर त्यावरही इलाज आहेत, पण ते मोठ्या दवाखान्यातले. व्यायाम आरशासमोर, हलक्या हाताने, फिजिओथेरपिस्टला विचारून. गाल रगडून काही मिळत नाही, विजेच्या शेकाचाही ठोस फायदा दिसलेला नाही. तीन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा अशक्तपणा हळूहळू वाढतच चालला आहे, तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे पुन्हा जावे. मग स्कॅन वगैरे करतात.

गेल्या हंगामात आमच्याच गटातल्या एका महिला सभासदांना हेच झाले. पंचावन्नच्या, शुगर आठ वर्षांची. सकाळी भाकरी थापताना सुनेच्या लक्षात आले. काकी त्याच दुपारी डॉक्टरांपुढे होत्या. पाच दिवस दवाखान्यात ठेवून इन्सुलिनवर स्टिरॉइड दिले, डोळ्याला पट्टी, बाकीचे घरी. सहाव्या आठवड्याला वार्षिक सभेसारख्या गर्दीच्या लग्नात त्या हसत फिरत होत्या. एका वाफ्यावरून वाण ठरत नाही हे मीच वर लिहिले आहे, तेव्हा याचा पुरावा म्हणून उपयोग करत नाही. पण त्यांचीही तोड त्याच आठवड्यात होती, एवढे सांगतो.

तोडीबद्दल शेवटचे. अशा वेळी पाळी जाईल या भीतीने कुणी घरी थांबू नये. चिटबॉयला किंवा गट ऑफिसला निरोप द्या. प्लॉट दोन-चार दिवस पुढे-मागे करणे हे आमचे रोजचेच काम आहे, आणि घरचे कुणी बांधावर उभे राहणार असेल तर तेवढेही करावे लागत नाही. बावड्यातच सेवा रुग्णालय आहे, सीपीआर नदीकाठच्या आपल्या गावांपासून लांब नाही. फडावर कुणाचे तोंड वाकडे दिसले, मग तो सभासद असो, टोळीतला मजूर असो की ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, मला फोन करा. मोटारसायकल त्याच दिशेला वळवीन.

– ऊस विकास अधिकारी